हात मागे की यंत्र मागे?
(कीबोर्ड आणि साउंड कार्ड यांच्या बेबनावाविषयी थोडेसे)

— बी. ए. द्वितीय वर्ष

गाणे बिघडले की दोष माणसाला द्यायचा, ही आपली जुनी सवय आहे. ढोलकी पुढे धावली तर ढोलकीवाला कच्चा, पेटी मागे राहिली तर पेटीवाला कच्चा. वाद्ये लाकडाची आणि चामड्याची होती तोवर ही सवय बरीचशी बरोबरही होती, कारण ढोलकी स्वतःहून उशिरा वाजत नाही. थाप पडली की नाद उमटलाच. परंतु आता वाजवणाऱ्याचे बोट आणि ऐकणाऱ्याचा कान यांच्यामध्ये संगणक येऊन बसला आहे. तो मध्ये बसून नेमके काय करतो, हे समजल्याशिवाय दोष कोणाचा ते ठरविता येत नाही. ह्या लेखात तेवढेच समजून घेण्याचा प्रयत्न आहे.

नागपुरात हा प्रश्न घरोघरचा झाला आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लोटणाऱ्या गर्दीत भीमगीतांच्या कॅसेटी विकल्या जात, पुढे सीडी आल्या, आणि आता गाणी थेट मोबाईलवर फिरतात. १४ एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत नवी गाणी तयार होऊ लागतात. भजनी मंडळे, धुमाल पार्ट्या, लग्नाचे ऑर्केस्ट्रा, साऱ्यांनाच आपले ध्वनिमुद्रण हवे असते. त्यासाठी पूर्वीसारखे मोठ्या स्टुडिओचे भाडे भरावे लागत नाही. दहा बाय दहाची खोली, एक संगणक, एक साउंड कार्ड, एक माइक आणि एक कीबोर्ड (ज्याला आपल्याकडे कोणत्याही कंपनीचा असला तरी ‘कॅसिओ’च म्हणतात) एवढ्यावर काम भागते. अशा एका खोलीत मी गेली दोन वर्षे सुट्ट्यांमध्ये तारा जोडण्याचे काम करतो. त्यातून पुस्तकांचा खर्च निघतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञान दहावीपर्यंतच शिकलो. तरीही पुढील विवेचन मला समजू शकले, तेव्हा ते वाचकांनाही समजेल अशी खात्री वाटते.

नाद मोजणारे घड्याळ

प्रथम साउंड कार्ड काय करते ते पाहू. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची सतत होणारी वरखाली. संगणकाला सतत असे काही कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून साउंड कार्ड ठराविक अंतराने त्या आवाजाचे माप घेते आणि प्रत्येक माप आकड्यात लिहून ठेवते. अशा एका मापाला नमुना म्हणू. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. माणसाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि तो नीट पकडण्यासाठी त्याच्या दुपटीहून जास्त नमुने लागतात. म्हणजे चाळीस हजारांच्या वर कोठेतरी. मग ४४,१०० हाच विचित्र आकडा का? त्याची कथा गमतीची आहे. सुरुवातीच्या काळात हे आकडे साठविण्यासाठी व्हिडिओ टेप वापरीत. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने, एका पडद्यात २४५ ओळी आणि सेकंदाला ६० पडदे: गुणाकार केला की ४४,१०० येतात. सेकंदाला ५० पडद्यांची पद्धत असलेल्या देशांत २९४ ओळी धरल्या की तोच आकडा पुन्हा येतो! १९८२ साली सीडी बाजारात आली आणि हा आकडा कायमचा रूढ झाला. चित्रपट व दूरदर्शनच्या कामात मात्र ४८,००० ची पद्धत पडली. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढे त्यांचेच भांडण आहे.

नमुने ठराविक अंतराने घ्यायचे म्हणजे अंतर मोजणारे घड्याळ आले. प्रत्येक साउंड कार्डाच्या पोटात क्वार्ट्झ स्फटिकाचे असे घड्याळ असते. कीबोर्डाच्या पोटातही असते. आणि सारा गोंधळ येथूनच सुरू होतो.

घड्याळांच्या गोंधळाचे एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, परंतु मुंबईने पुढे कित्येक वर्षे आपली स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. प्रवाशाची त्याने गैरसोय होई, पण फरक सदैव ३९ मिनिटांचाच असल्यामुळे एकदा तो ठाऊक झाला की वजाबाकी करून काम भागे. आता दुसरे घड्याळ कल्पा. ते रोज दोन मिनिटे मागे पडते. आज दोन, उद्या चार, महिन्याने तासभर. येथे एकदाच वजाबाकी करून भागत नाही. पहिला प्रकार विलंबाचा, दुसरा घसरणीचा. कीबोर्ड आणि साउंड कार्ड यांच्या तक्रारींपैकी बहुतेक ह्या दोहोंपैकी एका खणात बसतात. कोणता खण, हे आधी ओळखावे. उपाय दोघांचे अगदी वेगळे आहेत.

पहिला आजार: विलंब

संगणक एकेक नमुना हातोहात पुढे पाठवीत नाही. त्याला इतरही कामे असतात. म्हणून तो नमुन्यांचा एक गठ्ठा जमवितो आणि गठ्ठा भरला की पुढे ढकलतो. ह्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ऑटोरिक्षावाला चार सवाऱ्या झाल्याशिवाय हलत नाही, तसेच हे. गठ्ठा ५१२ नमुन्यांचा असेल, तर ४४,१०० च्या वेगाने तो भरायला सुमारे ११.६ मिलिसेकंद लागतात. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) १२८ चा असेल तर २.९ आणि २०४८ चा असेल तर ४६.४ मिलिसेकंद.

एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. तुलनेसाठी हवेतील आवाजाचा वेग घेऊ. तो साधारण सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे एक मीटर जायला जवळजवळ तीन मिलिसेकंद. मंचावर तबलजी आपल्यापासून चार मीटरवर बसला असेल, तर त्याची थाप आपल्याला सुमारे १२ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते आणि तरीही मैफल उत्तम होते. म्हणजे ५१२ चा बफर म्हणजे चार मीटर दूर बसलेला साथीदार, तो चालतो. पण २०४८ चा बफर म्हणजे सोळा मीटर दूर उभा असलेला साथीदार. शिवाय ध्वनिमुद्रणात गठ्ठे दोन लागतात: एक आवाज आत येताना, एक बाहेर जाताना. संगणकातला ठेका ऐकून वादक वाजवतो, तेव्हा ठेका त्याच्या कानापर्यंत येतानाच उशीर झालेला असतो; त्याने वाजविलेले आत जाताना पुन्हा उशीर होतो. दोन्ही मिळून ९३ मिलिसेकंद. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधले अंतर ५०० मिलिसेकंद असते. त्यातील जवळजवळ पाचवा हिस्सा यंत्रानेच खाल्ला!

चांगला कार्यक्रम हा उशीर जाणतो आणि मुद्रित झालेला आवाज तेवढाच मागे ओढून जागेवर बसवितो. पण किती ओढायचे, हे त्याला साउंड कार्डाचा ड्रायव्हर सांगतो. कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर न बसविता विंडोजमधल्या सर्वसाधारण ड्रायव्हरवरच काम चालविले, तर तो बहुधा चुकीचा आकडा सांगतो आणि आवाज मागेच राहतो. ह्यासाठीच १९९७ साली स्टाइनबर्ग ह्या जर्मन कंपनीने ‘एसिओ’ नावाची ड्रायव्हरची पद्धत काढली. ती मधले अडथळे ओलांडून कार्यक्रमाची कार्डाशी थेट गाठ घालून देते.

आमच्या वस्तीत एक कीबोर्डवादक आहेत, त्यांना सारे दादा म्हणतात. बॅटरीच्या दुकानात काम करून रात्री वाजवतात. नोटेशन त्यांना वाचता येत नाही, कानावर सारे काम. मागच्या वर्षी एका गाण्याच्या मुद्रणात त्यांचा प्रत्येक तुकडा ठेक्याच्या मागे पडू लागला. पाच वेळा घेतला, पाचही वेळा मागे. मंडळातले एक गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणाले, “दादा, तुहा हात मांगं पडून राह्यला न! वय झालं आता.” दादा काही बोलले नाहीत. पण दुसरा वादक पाहण्याची कुजबुज त्याच रात्री सुरू झाली.

मला एका गोष्टीचे नवल वाटले. माणूस चुकतो तेव्हा कधी जास्त चुकतो, कधी कमी. दादांच्या पाचही तुकड्यांतले अंतर मोजले तर ते सारखेच भरले. इतका नेमका उशीर माणसाच्या हातून होत नाही. मग आम्ही एक साधी चाचणी केली. साउंड कार्डाच्या आवाज बाहेर पडण्याच्या भोकातून एक वायर काढून त्याच कार्डाच्या आवाज आत घेण्याच्या भोकात खोचली आणि संगणकाच्या मेट्रोनोमचा ‘टक् टक्’ त्याच संगणकावर मुद्रित केला. ह्या चाचणीत कोणाचा हातच नव्हता. तरीही मुद्रित झालेला ‘टक्’ मूळच्या ‘टक्’पेक्षा नव्वदएक मिलिसेकंद उशिरा आला. ती दोन चित्रे पडद्यावर एकाखाली एक लावून साऱ्या मंडळाला दाखविली. कार्डाचा योग्य ड्रायव्हर बसविला, बफर १२८ वर आणला आणि तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा उशीर नावापुरता उरला. उरला तो आकडा कार्यक्रमाच्या सेटिंगमध्ये लिहून टाकला. दादांनी सहाव्यांदा वाजविले ते ठेक्यावर बसले. त्या गृहस्थांनी चहा मागविला. आपल्याकडे क्षमा मागण्याची हीच रीत आहे.

विलंबाबाबत दोन सूचना. बफर फार लहान केला तर संगणकाची धांदल उडते आणि आवाजात चरचर येते. म्हणून मुद्रण करताना लहान आणि नंतर मिश्रण करताना मोठा, असा बदलता ठेवावा. दुसरे, वाजवताना ब्लूटूथचा हेडफोन कधीही लावू नये. त्याचा उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या वर असतो. स्वस्तातला वायरचा हेडफोन त्याहून शतपटीने बरा.

दुसरा आजार: घसरण

आजकालचे काही कीबोर्ड यूएसबीच्या वायरने केवळ सुरांची खूणच नव्हे, तर प्रत्यक्ष आवाजही आकड्यांच्या रूपात संगणकाला देतात. सोय चांगली आहे. पण मग कीबोर्डाचा आवाज कीबोर्डाच्या घड्याळाने मोजलेला येतो आणि माइकचा आवाज साउंड कार्डाच्या घड्याळाने मोजलेला. दोन्ही घड्याळे स्वतःला ४४,१०० चीच म्हणवितात. तथापि दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत पन्नासांचा फरक ही काही नवलाची गोष्ट नाही.

दहा लाखांत पन्नास! ऐकायला किती क्षुल्लक. पण हिशेब करा. सेकंदाला सुमारे दोन नमुन्यांचा फरक. पाच मिनिटांच्या गाण्यात १५ मिलिसेकंद. तेवढे कदाचित खपून जाईल. तासाभराच्या भजनाच्या मुद्रणात १८० मिलिसेकंद; ते कोणालाही कळेल. आरंभी टाळ आणि पेटी एकत्र, शेवटी पेटी भलतीकडेच. शिवाय एका बाजूने गठ्ठा किंचित वेगाने भरतो आणि दुसऱ्या बाजूने किंचित हळू रिकामा होतो. ५१२ नमुन्यांचा गठ्ठा सेकंदाला दोन नमुन्यांनी तुंबत गेला, तर तीन-चार मिनिटांत ओसंडतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. ठराविक वेळाने परत परत येणारा हा ‘टक्’ घसरणीची मोठी खूण आहे. लोक त्याला वायर ढिली झाली समजतात आणि वायरी बदलत बसतात.

उपाय एकच: घड्याळ एकच ठेवा. आपल्या झीरो माइलच्या दगडावर निरनिराळ्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. ती अंतरे एकमेकांशी जुळतात, कारण सारी एकाच दगडापासून मोजली. तसेच सारे आवाज एकाच घड्याळाने मोजले जावेत. ह्याचे मार्ग तीन.

सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग असा की, कीबोर्डाचा यूएसबी आवाज वापरूच नये. त्याच्या ‘लाइन आउट’मधून साधी वायर काढून साउंड कार्डाच्या ‘लाइन इन’मध्ये घालावी. मग पेटीही कार्डच मोजते आणि माइकही कार्डच मोजते. नवी साधने असताना जुनी वायर वापरायला लोकांना कमीपणा वाटतो, पण दहा खोल्यांपैकी नऊ खोल्यांत हेच योग्य उत्तर आहे.

दुसरा मार्ग, दोन्ही यंत्रांना ‘एस्पीडिफ’ची सोय असेल तर. सोनी आणि फिलिप्स ह्या दोन कंपन्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. ह्या वायरीतून आकड्यांबरोबर घड्याळाचे ठोकेही जातात. तेव्हा आकडे घेणाऱ्या साउंड कार्डाला ‘तू स्वतःचे घड्याळ बंद ठेव, समोरून येणाऱ्या ठोक्यांवर चाल’ असे सांगावे लागते. कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘इंटर्नल’च्या जागी ‘एक्स्टर्नल’ किंवा ‘एस्पीडिफ’ निवडले की झाले. ही एक खूण राहून गेल्यामुळे किती रात्री वाया जातात, ते त्या रात्री काढणाऱ्यालाच ठाऊक!

तिसरा मार्ग म्हणजे संगणकालाच दोन घड्याळांचा मेळ घालायला लावणे. ॲपलच्या संगणकात दोन यंत्रांचे मिळून एक यंत्र करता येते आणि एकाची घसरण सतत दुरुस्त करण्याची खूणही तेथे असते. पहिले दोन मार्ग खुंटले तरच हा घ्यावा.

तिसरा आजार: पट्टीच बदलते

कधी कधी ठेका जुळतो, सूर मात्र जुळत नाही. गाणे काळी एक मध्ये गायले आणि ऐकताना ते वर चढलेले. अशा वेळी आधी त्या दोन आकड्यांकडे बघावे. मुद्रण ४४,१०० ने झाले आणि वाजविताना यंत्र ४८,००० ने वाजवीत असेल, तर सारे सुमारे पावणेनऊ टक्के वेगाने पळते. पाच मिनिटांचे गाणे चार मिनिटे छत्तीस सेकंदांत संपते आणि सूर जवळजवळ दीड स्वरस्थान वर जातो. काळी एकचे गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या अगदी मधोमध अडकते. पेटीवर ती पट्टीच नाही! मग पेटीवाला पेटी बेसूर म्हणतो आणि गायक पेटीवाल्याला. कार्यक्रमात आणि कार्डात दोन्हीकडे एकच आकडा ठेवला की हा वाद मिटतो.

खुणांची वायर

एक गोष्ट राहिली. पुष्कळदा कीबोर्डातून आवाज पाठवीतच नाहीत, फक्त ‘अमुक सूर, अमुक जोराने दाबला’ एवढी खूण पाठवितात. ह्या भाषेला मिडी म्हणतात. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीने जोडून दाखविले गेले. त्या कामासाठी २०१३ साली दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मिडीच्या मूळ वायरीतून एका सुराची खूण जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो; तेव्हा उशिराचा दोष सहसा तिचा नसतो, पुढच्या बफरचा असतो.

मिडीच्या दोन तक्रारी नेहमीच्या आहेत. एक सूर दाबला की दोनदा वाजतो: एकदा कीबोर्ड स्वतः वाजवितो, एकदा संगणक. कीबोर्डातील ‘लोकल कंट्रोल’ बंद करावे. दुसरी, कीबोर्डातला केरवा आणि संगणकातला ठेका एकत्र सुरू होऊनही थोड्या वेळाने फुटतात. ही पुन्हा दोन घड्याळांचीच गोष्ट. मिडीच्या वायरीतून दर ठोक्याला २४ बारीक टिचक्या पाठविता येतात. संगणकाला त्या पाठवायला सांगावे आणि कीबोर्डाचे ‘क्लॉक’ ‘एक्स्टर्नल’वर ठेवावे. मग कीबोर्ड निमूटपणे मागून चालतो.

निदान कसे करावे

आता सारे एकत्र करतो. तक्रार आली की प्रथम काहीही विकत घेऊ नये. मेट्रोनोम लावून कीबोर्डावर त्याच्याबरोबर एकच सूर दहा मिनिटे वाजवावा किंवा कीबोर्डाचाच ठेका मुद्रित करावा. मग पहिल्या मिनिटातले अंतर आणि दहाव्या मिनिटातले अंतर मोजावे. दोन्ही सारखी असतील तर विलंब आहे: ड्रायव्हर आणि बफर पाहा. अंतर वाढत गेले असेल तर घसरण आहे: घड्याळे किती आहेत ते मोजा. सूर चढला वा उतरला असेल तर ४४,१०० आणि ४८,००० पाहा. अंतर कधी जास्त, कधी कमी, असे अनियमित असेल, तर मग वादकाला नम्रपणे रियाज सुचवावा. हा क्रम उलटा करू नये.

हे सारे ज्ञान काही गुप्त नाही. पण ते यंत्राच्या खोक्यातल्या बारीक इंग्रजी पुस्तिकेत असते आणि आमच्या वस्तीतील वादकांपैकी ती पुस्तिका उघडणारा क्वचितच सापडतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. वडील विचारतात की, बी. ए. करून काय होते? त्यांना द्यायला माझ्यापाशी अजून मोठे उत्तर नाही. पण शब्दकोश शेजारी ठेवून ती पुस्तिका वाचता आली आणि तिच्यातली गोष्ट दादांना त्यांच्या भाषेत सांगता आली, हे एक उत्तर आहे असे मला वाटते. आपल्या महाविद्यालयात निरनिराळ्या वस्त्यांतून मुले-मुली येतात. त्यांच्या घराशेजारीही एखादे दादा असतील, ज्यांना ‘तुमचा हात मागे पडतो’ असे कोणी सांगितले असेल. त्यांच्याकडे एक वायर घेऊन जावे. चाचणीला दहा मिनिटे पुरतात.